मुखरू मिस्त्रीचा डावा कान

अहेरीहून आलापल्लीकडे जाणाऱ्या रस्त्यावर, गाव संपता संपता, एका काटेसावरीच्या झाडाखाली मुखरू मिस्त्रीचं गॅरेज आहे. चार सागाचे खांब, वर पत्रे, मागे बांबूचा तट्टा, आणि समोरची बाजू पूर्ण उघडी. मागेच त्याचं घर. मुखरूवर कुणी काही लिहिलेलं नाही. मी लिहावं अशी माझी तयारीही नाही. पोस्टात छत्तीस वर्षं मी दुसऱ्यांच्या पत्रांवर शिक्के मारले, स्वतः लिहिलेली पत्रं बोटांवर मोजता येतील. पण सिरोंच्याच्या गाडीची गोष्ट आता लोक वेगवेगळी सांगतात आणि मी तिथे बसलेलो होतो, म्हणून जे पाहिलं ते लिहून ठेवतो.

मुखरू मूळचा आरमोरीकडचा. सतराव्या वर्षी बांबूच्या ट्रकवर क्लीनर म्हणून लागला. तो ट्रक एकदा बल्लारपुरात बंद पडला आणि दुरुस्तीला चार दिवस लागले. चौथ्या दिवशी ट्रक निघाला तेव्हा मुखरू त्यात बसला नाही. बिरजू नावाच्या म्हाताऱ्या मिस्त्रीकडे तो तिथेच राहिला आणि आठ वर्षांनी अहेरीला येऊन त्यानं हे पत्रे टाकले.

बिरजूनं त्याला दोन गोष्टी शिकवल्या. पहिली, "आधी आयक, मंग हात लाव." दुसरी, गाडीच्या मालकाला काही विचारायचं नाही. मुखरू ही दुसरी गोष्ट फार कडक पाळायचा. गिऱ्हाईक येऊन सांगायला लागलं की तो हात वर करायचा.

"तू गप. तिले बोलू दे."

"अरे पण मुखरूभाऊ, काल घाटात काय झालं..."

"मालक खोटं बोलते. गाडी नाई बोलत."

मग तो इंजिन चालू करायला लावायचा. हातभर लांबीचा एक पेचकस, म्हणजे स्क्रू ड्रायव्हर, त्याच्याकडे होता, लाकडी मुठीचा. पेचकसाचं टोक इंजिनवर टेकवायचं आणि मूठ उजव्या कानाला लावायची. डोळे बंद. एक बिडी संपायला लागतो तेवढा वेळ तो तसा वाकून उभा राहायचा, आणि मग सांगायचा. त्याचं सांगणं चुकलेलं मी फार कमी वेळा पाहिलं. एकदा जंगल खात्याची जीप रस्त्यावरून नुसती जात होती, तर हा जेवता जेवता म्हणाला, "याच्या पाण्याच्या पंपाचं बेअरिंग चाललं." संध्याकाळी तीच जीप दोराला बांधून त्याच्याकडे आली.

निवृत्तीनंतर मी रोज दहाच्या सुमाराला पेपर घेऊन तिथे जाऊन बसू लागलो. झाडाच्या बुंध्याशी एक बाकडं होतं, मुखरू जिथे गाडी उभी करून घ्यायचा त्याच्या उजव्या हाताला. मी बोलतो थोडं आणि तेही हळू. कधी मी पेपरातलं काही वाचून दाखवायचो आणि मुखरू उत्तर द्यायचा नाही. मला वाटायचं, त्याला कंटाळा आला असेल. असं वर्षभर चाललं. आपल्या बोलण्यात कुणाला रस नसणं हे मला नवीन नव्हतं, त्यामुळे मी त्यावर जास्त विचार केला नाही.

त्याची बायको वच्छलाबाई हिनं मला खरं काय ते सांगितलं. चहा आणून देताना ती म्हणाली, "बाबूजी, तुमी तिकून बोलून राह्यले काय? त्या कानानं त्याहीले आयकूच येत नाई. कोणाले सांगू देत नाई, पण दोन वर्सं झाली."

मुखरूचा उजवा कान गेला होता. तो आता पेचकसाची मूठ डाव्या कानाला लावत होता. मी नीट पाहिलं तेव्हा लक्षात आलं, की बिडीभर लागायचा तो वेळ दोन बिड्यांवर गेला आहे. डाव्या कानालाही पूर्वीसारखं येत नसावं. जाड आवाज त्याला कळत. टकटक, खडखड, बेअरिंगची घरघर हे अजून बरोबर सांगायचा. बारीक आवाज मात्र सुटत.

हे सगळं सिरोंच्याची गाडी आली त्या उन्हाळ्याच्या आधीचं. त्या उन्हाळ्याला आता सात-आठ वर्षं झाली असतील.

एप्रिलच्या शेवटी सिरोंच्याचा पोचय्या नावाचा माणूस आपली गाडी घेऊन आला. पन्नाशीचा, काळासावळा, हसरा. गाडी वीस वर्षांची जुनी पांढरी पेट्रोल कार. सिरोंच्याहून दवाखान्याचे, कोर्टाचे लोक तो चंद्रपूरला नेत-आणत असे. जुन्या गाडीत एसी चालू ठेवणारा त्या रस्त्यावर तो एकटाच होता, म्हणून उन्हाळ्यात आजारी माणसं त्याचीच गाडी मागायची. पोचय्याची बोली तेलुगू. मराठी यायची, पण त्यात तेलुगू कधी मिसळली हे त्याचं त्यालाही कळत नसे.

त्याचा त्रास असा होता. गाडी धावताना एसी छान गार. पण नाक्यावर, फाटकावर थांबली, की इंजिन धापा टाकायला लागायचं, एसी आपोआप बंद होऊन गरम वारा यायचा, आणि कधी कधी इंजिनच बंद. ॲक्सिलरेटरवर पाय नसताना इंजिन जेवढ्या वेगानं फिरतं, त्याला गॅरेजवाले 'स्लो' म्हणतात. एसी लावला की ही स्लो पडत होती.

मुखरूनं हात वर केला तरी पोचय्या थांबला नाही. म्हणाला, "मिस्त्री, एक बात आयका ना. एसी लावला का आतून गाली येते. बंद केला का गाली बंद."

आमच्याकडे शिवीला सर्रास गाली म्हणतात. मुखरू म्हणाला, "गाली? लेका, म्हातारी गाडी तू रोज चंद्रपूरले पळवते, या उन्हात. ते गाली नाई देईन तं तुही आरती करन काय?"

तिथे चार-पाच लोक होते, सगळे हसले. सगळे हसले म्हणून पोचय्याही हसला.

मी हसलो की नाही ते आठवत नाही. पण मी नऊ वर्षं सिरोंच्याच्या पोस्टात होतो, आणि तेलुगूत गाली म्हणजे वारा, हवा, हे मला माहीत होतं. गोदावरीवरून वादळ उठलं की तिथले लोक 'गाली वाना' म्हणत पोस्टाची दारं लावून घ्यायचे. हा माणूस हवेबद्दल बोलतो आहे, असं माझ्या मनात आलं. पुढच्याच क्षणी वाटलं, आपल्याला इंजिनातलं काय कळतं? कदाचित तो खरंच शिवी म्हणत असेल. मी पेपर उघडला.

मुखरूनं प्लग साफ केले, एसीची जाळी पाण्यानं धुतली, आणि स्क्रू फिरवून स्लो थोडी वाढवली. एसी लावूनही इंजिन चालू राहिलं. पोचय्या गेला.

दहा दिवसांनी तो परत आला. स्लो वाढवली तरी आता एसी लावला की इंजिन पुन्हा पडत होतं. आणि एसी बंद असला की उगाच जोरात फिरत होतं. मधल्या काळात त्यानं एसीचा गॅस तपासून घेतला होता. गॅस पूर्ण होता. समोरच्या चौकात प्रफुलनं नवीन गॅरेज टाकलं होतं, गाडीला तार जोडली की दोष पडद्यावर दाखवणारं मशीन असलेलं. प्रफुल प्रामाणिक माणूस. त्यानं पोचय्याला सांगितलं, "तुमच्या गाडीले माझी तार लागतच नाई, तेवढी जुनी आहे. पण मले वाटते कॉम्प्रेसर जड झाला. तो बदला." एसीतला गॅस दाबणारा कॉम्प्रेसर इंजिनच्याच जोरावर फिरतो, तो जड झाला तर इंजिन दबणारच, असा त्याचा हिशेब होता.

मुखरू पेचकस लावून तीन बिड्यांएवढा वेळ उभा राहिला. नंतर त्यानं पट्टा काढून कॉम्प्रेसर हातानं फिरवला. सहज फिरला. "हा जड नाई," तो म्हणाला. पण मग काय, हे त्याला सांगता येईना. कार्ब्युरेटर उघडून साफ करायला घेतला.

पोचय्या शेजारी उभा होता. "मिस्त्री, मी सांगतो ना. गाली येते. आता तं जास्त गाली येते."

मुखरूनं पाना खाली टाकला. "गाली, गाली, काय लावलं हे? मुखरूच्या गॅरेजात येऊन मुखरूलेच सांगते, गाली खाशीन म्हून? तोंड सांभाळून बोल."

पोचय्याला काय झालं ते कळलंच नाही. "अय्यो, मी तुमाले काय बोललो?"

"काय नाई बोलला. जा तिकडं बस."

मी बाकड्यावरून अर्धा उठलो होतो. मुखरू रागात होता, लोक बघत होते. मी परत बसलो. हे लिहिताना मला बरं वाटत नाही, पण तसंच झालं.

कार्ब्युरेटर साफ होऊन गाडी गेली. त्यानंतर चार दिवस मुखरू कुणाशी धड बोलला नाही. सावरीची बोंडं त्या दिवसांत फुटतात. कापूस सगळीकडे उडतो, ग्रीसवर चिकटतो, उघड्या इंजिनात पडतो. दर वर्षी मुखरू या झाडाला शिव्या घालायचा, पुढच्या वर्षी तोडतो म्हणायचा. त्या वर्षी त्यानं शिव्याही घातल्या नाहीत. कापूस अंगावर तसाच घेऊन बसायचा.

पाचव्या दिवशी तो कुठे सामान आणायला गेला असताना वच्छलाबाई माझ्याजवळ येऊन बसली.

"बाबूजी, त्याहीनं कुलूप आणून ठेवलं."

"कसलं कुलूप?"

"गॅरेजाले लावाले. म्हणते, सिरोंच्याची गाडी तिसऱ्यांदा वापस आली तं काम बंद. बिरजू मिस्त्री म्हणत होता म्हणे, कान गेला का मिस्त्री गेला. म्हणते, ज्याले आयकू येत नाई त्यानं लोकायच्या गाडीले हात लावू नाई. मांगच्या खेपेच्या आधी पोचय्याची गाडी घाटात बंद पडली, मांगून ट्रक येऊन राह्यला होता, पेशंट आत. ते आयकल्यापासून झोपत नाई." मग म्हणाली, "मी म्हटलं, तुमच्या गॅरेजाले दारच नाई, कुलूप कशाले लावता? तं माह्यावरच चिडले."

मी विचारलं, "काम बंद करून काय करणार?"

"पोरगी नागपूरले बोलावते. तिथी तिसऱ्या माळ्यावर बसून काय करतीन? खालून गाड्या जातीन, त्या पाहतीन. आयकू तं येणार नाई."

नवतपा, म्हणजे उन्हाळ्यातले सगळ्यात तापलेले नऊ दिवस, लागला तेव्हा, मेच्या शेवटी, भर दुपारी गाडी तिसऱ्यांदा आली. मी घरी निघालो होतो, पिशवी हातात होती. मागच्या सीटवर डोक्यावर ओला टॉवेल घेतलेली एक म्हातारी बसली होती. पोचय्यानं तिला झाडाखाली आणून बसवलं, वच्छलाबाईनं पाणी दिलं. पोचय्या आज हसत नव्हता. "मिस्त्री, गुणाबाईले चंद्रपूरले न्यायचं आहे. खिडकी उघडली तं आग येते. एसी लावला तं गाडी मरते. काही तं करा."

मुखरू म्हणाला, "प्रफुलकडे जा. मी काम बंद केलं."

"कधी?"

"आता."

पोचय्यानं स्वतःच बॉनेट उघडलं, इंजिन चालू केलं, एसीचं बटण दाबलं. इंजिन हादरायला लागलं. तो इंजिनकडे बोट दाखवून म्हणाला, "तुमी राग करा, मारा, पण ही पाहा, आतून गाली..."

मी बोललो. म्हणजे मला वाटलं की मी बोललो. "मुखरूभाऊ, गाली म्हणजे हवा." पण मी नेहमीच्या जागी, त्याच्या उजव्या बाजूला उभा होतो, आणि इंजिन चालू होतं. त्याला काहीच कळलं नाही. तो वळून घराकडे निघाला.

माझ्यासारख्या माणसाला एकदा बोलणंच पुष्कळ असतं. दुसऱ्यांदा तेच बोलायचं, तेही मोठ्यानं, लोकांसमोर, म्हणजे फार होतं. तरी मी पिशवी खाली ठेवली, गाडीला पुढून वळसा घातला आणि त्याच्या डाव्या बाजूला जाऊन उभा राहिलो. त्याचा दंड धरला.

"मुखरूभाऊ, तेलुगूत गाली म्हणजे हवा!"

माझा आवाज इतका मोठा निघाला की रस्त्यापलीकडचा पानठेलेवाला वळून पाहायला लागला. झाडाखालची गुणाबाई होकारार्थी मान हलवत म्हणाली, "अवुनु, गाली, गाली," आणि तिनं पदरानं स्वतःला वारा घालून दाखवला.

मुखरू माझ्याकडे पाहत राहिला. "तुमाले कवापासून माहीत?"

"पहिल्या दिवसापासून."

"मंग काऊन नाई बोलले?"

त्यानं उत्तराची वाट पाहिली नाही. तो पोचय्याकडे गेला, आणि मी त्याला ओळखू लागल्यापासून पहिल्यांदा त्यानं गाडीच्या मालकाला प्रश्न विचारला.

"कशी येते हवा? आवाज कसा आहे?"

"सापासारखा. स्स्स्स्."

"एसी बंद केल्यावर?"

"काहीच नाई."

"बंद कर. आता लाव. आता येते?"

"येते. स्स्स्स्."

"कुठून?"

"तिकडून, मागून. बरोबर कुठी ते नाई कळत."

मुखरूनं डावा कान इंजिनजवळ नेला. चेहऱ्यावरून कळत होतं, त्याला ऐकू येत नव्हतं. तीनदा त्यानं दोन्ही बाजूंनी वाकून पाहिलं. मग सरळ उभा राहिला. त्याच्या बाहीवर सावरीच्या कापसाचा एक पुंजका चिकटला होता. तो त्यानं काढला, फुंकर मारून मोकळा केला, खराट्याची एक काडी मोडून तिच्या टोकाला अडकवला. आणि ती काडी हळूहळू एकेका नळीजवळून फिरवू लागला.

कापूस इंजिनच्या थरथरीनं नुसता हलत होता. मागच्या बाजूला पेन्सिलीएवढी एक रबरी नळी होती. तिच्याजवळ गेल्यावर तो एकाएकी एका बाजूला वाकला आणि नळीच्या खालच्या अंगाला जाऊन चिकटला. मुखरूनं काडी मागे घेतली, पुन्हा नेली. पुन्हा चिकटला.

त्यानं तिथे बोट दाबलं. इंजिनची स्लो वर चढली. हादरे थांबले. बोट काढलं, स्लो पडली. पुन्हा दाबलं, चढली.

"बाबूजी, इकडं या. बोट लावा."

मी लावलं. नळीला खालून बारीक चीर होती आणि ती बोट आत ओढत होती, तान्ह्या मुलानं बोट चोखावं तशी.

मुखरूनं मग सगळं समजावून सांगितलं, कुणी विचारलं नव्हतं तरी. एसी लावला की इंजिनवर बोजा पडतो. तो झेपावा म्हणून एक छोटी डबी या नळीतून ओढ घेऊन स्लो आपोआप वाढवते. एसी बंद असला की या नळीत ओढच नसते, म्हणून तेव्हा आवाजही नाही. चीर पडली, ओढ वाया गेली, स्लो वाढेना. इंजिन फारच पडलं की ते मरू नये म्हणून एसी स्वतःच बंद होतो. "एसी चांगला, कॉम्प्रेसर चांगला, गॅस चांगला. पहिल्या वेळी मी स्लो वाढवली आन रोग झाकून टाकला. त्या दिवशी चीर लहान असन." मग पोचय्याकडे पाहून म्हणाला, "तू सांगत होता. तीन वेळा सांगितलं."

पोचय्या म्हणाला, "तुमी तं आरती करायची म्हणत होते."

मुखरू हसला नाही, पण त्यानं पोचय्याच्या पाठीवर तेलकट हात ठेवला आणि त्याच्या पांढऱ्या शर्टावर पाच बोटं उमटली. भंगार गाडीतली एक नळी कापून बसवायला दहा मिनिटं लागली. वाढवलेली स्लो त्यानं परत खाली आणली. एसी लावून गाडी अर्धा तास जागच्या जागी उभी ठेवली, मगच गुणाबाईला आत बसवलं. जाताना त्यानं खिडकीशी वाकून पोचय्याला सांगितलं, "माहा उजवा कान गेला आहे. डावा भी अर्धाच आहे. पुढच्या वेळी माह्याकडे यायचं का नाई, ते हे समजून ठरवजो."

हे त्यानं सगळ्यांसमोर सांगितलं. पोचय्या म्हणाला, "गाडीले कान आहे ना माहा. तुमी हात लावा."

गाडी गेल्यावर वच्छलाबाई कुलूप घेऊन बाहेर आली आणि म्हणाली, "हे कुठी लावू? झाडाले?" मुखरूनं ते घेऊन पेटीत टाकलं. पुढे ते अवजारांच्या पेटीलाच लागलं.

गॅरेज अजून चालू आहे. मशीनची तार लागते त्या गाड्या बहुतेक प्रफुलकडे जातात, आणि तार न लागणाऱ्या प्रफुल स्वतःच इकडे पाठवतो. मुखरू आता कुणालाही गप बस म्हणत नाही. उलट गिऱ्हाइकाला गाडीजवळ उभं करतो आणि विचारतो, "काय आयकू येते? तुह्या भाषेत सांग." मागच्या महिन्यात भामरागडकडचा कोलू नावाचा माडिया आदिवासी जीप घेऊन आला. त्यानं गोंडीत एक शब्द सांगितला, तो कुणालाच कळला नाही. मुखरूनं माझ्याकडे पाहिलं. मला गोंडी येत नाही. शेवटी मुखरू म्हणाला, "तोंडानं काढून दाखव." कोलू आधी लाजला. मग मुखरूच्या डाव्या कानाशी तोंड नेऊन त्यानं असा काही आवाज काढला, की वच्छलाबाई हातातला चहा घेऊन तशीच परत आत गेली, हसायला. मुखरू मात्र डोळे बंद करून उभा होता. "आणखी एकदा," तो म्हणाला. "जरा हळू चालव."

सावरीचं झाड तोडलेलं नाही. बोंडं फुटली की मुखरू थोडा कापूस तंबाखूच्या डबीत भरून ठेवतो. गाडी कुठून हवा ओढत असली की 'हिले गाली लागली' असं तो म्हणतो, आणि नवीन गिऱ्हाईक गोंधळतं.

आणि माझं बाकडं. त्या प्रसंगानंतर आठवडाभर मी तिकडे गेलो नाही. पहिल्याच दिवशी बोललो असतो तर, हा विचार सुटत नव्हता. गेलो तेव्हा बाकडं जागेवर नव्हतं. मुखरूनं ते उचलून गाडीच्या दुसऱ्या बाजूला, डाव्या हाताला ठेवलं होतं. तिथे झाडाची सावली येत नाही, म्हणून वर एक जुना पत्रा बांधला होता.

"बसा," तो इंजिनमधून डोकं न काढता म्हणाला. "पेपरात काय आहे?"